‘मोकळा’ या शब्दाचें ओझें

स्पायना बायफिडा घेऊन जन्मलेल्या मुलांच्या पालकांसाठीं जें लेखन होतें, त्यांत ‘जखडलेला मज्जारज्जु मोकळा केला’ हा प्रयोग वारंवार आढळतो. आमच्या मतें तो अर्धसत्य होय. मूल वाढतें, व्रण रज्जूस पुनः चिकटूं शकतो, आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न पुनः उभा राहतो. अशा बहुतेक मुलांच्या एम.आर.आय.मध्यें रज्जु चिकटलेला दिसतोच. म्हणून निर्णय निव्वळ चित्रावर नव्हे, तर चाल, पाठदुखी, लघवीवरील ताबा यांतील बदलांवर ठरतो. गेलेली शक्ति परत येईलच असें नाहीं. उरलेली राखणें हाच मुख्य हेतु. शस्त्रक्रियेनेंहि इजा संभवते. मग थांबणाऱ्यांस निष्काळजी, वा दुसऱ्यांदां संमति देणारांस निर्दय कोण म्हणेल? लेखकांनीं ‘तूर्त मोकळा’ एवढें लिहिलें, तरी आईबापांचें निम्में ओझें उतरेल.