जुनी होत जाणारी बायको

परवा एका लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गेले होते. भाषणात एका गृहस्थांनी तो प्रसिद्ध विनोद सांगितला: पुराणवस्तुसंशोधकासारखा नवरा नाही, कारण बायको जितकी जुनी होईल तितकी त्याला ती अधिक आवडते. हे अ‍ॅगाथा ख्रिस्तीचे वाक्य, असेही त्यांनी ठासून सांगितले. सगळे हसले. माझ्या शेजारी बसलेली उत्सवमूर्ती मात्र हळूच म्हणाली, "अगं, म्हणजे मी आता मडकं झाले की काय?"

घरी येऊन मी बाईंचे 'कम, टेल मी हाऊ यू लिव्ह' हे पुस्तक पुन्हा काढले. तो विनोद त्यांच्या नावावर खपतो, पण आपण असे कधी म्हटले नाही, हे त्यांनीच सांगितले होते. पुस्तक वाचले की त्यांचे म्हणणे पटते.

हकिगत अशी. पहिल्या नवऱ्यापासून घटस्फोट झाल्यावर बाई १९३० साली इराकात ऊर येथे गेल्या. हेच आपल्या अब्राहामपित्याचे गाव, असे तेथे उत्खनन करणारे वूलीसाहेब मानीत. त्यांचा मदतनीस मॅक्स मॅलोवन बाईंना आसपासची ठिकाणे दाखवायला निघाला. वाळवंटात गाडी रुतली. बाई कुरकुर न करता गाडीच्या सावलीत झोपी गेल्या. बायको करावी तर अशी, असे त्याला तेव्हाच वाटले. त्याच वर्षी सप्टेंबरात लग्न झाले. ती चाळिशीला टेकलेली, तो सव्वीस वर्षांचा. बायको जुनी होईपर्यंत हा नवरा थांबला नव्हता!

पुस्तक १९४६ साली निघाले, तेही दोन्ही आडनावे लावून. त्यात खून नाही, पोलीस नाहीत. सीरियातील चागर बझार आणि तेल ब्राक येथील उत्खननाच्या दिवसांची ही हकिगत आहे. लंडनच्या दुकानात स्थूल बाईच्या मापाचे कपडे शोधणे, मॅक्सच्या पुस्तकांनी फुगलेली बॅग मिटावी म्हणून तिच्यावर बसणे, असे प्रसंग बाई स्वतःलाच हसत सांगतात. अमुदा गावच्या घरात रात्री उंदीर आणि झुरळे अंगावर धावतात. बाई रडकुंडीला येतात. मॅक्स खाटा ओढून अंगणात नेतो. पुढे उंदरांवर एक कामसू मांजर आणले जाते. माझ्या मते पुस्तकातला खरा प्रेमप्रसंग तो खाटा ओढण्याचाच. रुग्णालयातल्या रात्रपाळ्यांत मी असेच प्रेम पाहिले आहे. गोड बोलणारे नवरे भेटीची वेळ संपली की जात. उशी सरकवणारे बसून राहत.

हे लेखन युद्धकाळातले. मॅक्स आफ्रिकेत नोकरीवर, आणि बाई लंडनच्या रुग्णालयात औषधे तयार करीत होत्या. म्हणून त्या हसण्याच्या तळाशी आठवण आहे.

दोषही सांगितला पाहिजे. अरब, कुर्द, आर्मेनियन मजूर, स्वयंपाकी, ड्रायव्हर यांच्या वेंधळेपणावर पुस्तकात फार हसू आहे. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांना "कसे जगलात?" असे विचारणारी ही मंडळी, समोर चहा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते क्वचितच विचारतात. त्या मुलखाने २०११ नंतर जे युद्ध सोसले, ते ठाऊक असल्यावर ही पाने आज जड जातात.

तरीही पुस्तक वाचावे. पुढे निमरूदच्या उत्खननात याच बाईंनी हस्तिदंती कोरीव तुकडे आपल्या तोंडाला लावायच्या क्रीमने साफ केले. त्या विनोदात बायको ही नवऱ्याने न्याहाळायची वस्तू. इथे ती हाताला माती लागलेली सोबतीण आहे.

माझी प्रत मी आमच्या उत्सवमूर्तीला दिली आहे. पुढच्या समारंभात भाषण करणाऱ्यांनी ती तिच्याकडून मागून न्यावी.