बोलीचे ध्वनिमुद्रण आणि बाह्य साउंड कार्डाची निवड : भडगाव परिसरातील अहिराणीच्या संदर्भात

बोलींच्या अभ्यासात साधनांची चर्चा प्रस्तावनेतील एखाद्या वाक्यात उरकण्याची प्रथा पडून गेली आहे. ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर केले व त्यासाठी बाह्य साउंड कार्ड वापरले, एवढे नमूद केले की पद्धतीचा प्रश्न संपला, असे मानले जाते. या समजुतीच्या मुळाशी दोन गृहीते आहेत. पहिले असे की, साधन निष्कर्षाच्या बाहेर राहते. आणि दुसरे असे की, साधन जितके महाग व त्यावरील आकडे जितके मोठे, तितके ध्वनिमुद्रण अधिक विश्वसनीय. ही दोन्ही गृहीते तपासून पाहणे अगत्याचे आहे. भडगाव परिसरातील अहिराणी हे त्या तपासणीस सोयीचे क्षेत्र होय.

खानदेशीच्या अभ्यासाचा इतिहास पाहिला तर साधनाची मर्यादा ही नेहमीच भाषेच्या वर्णनाची मर्यादा ठरत आली आहे, असे दिसते. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात खानदेशीला भिल्ली भाषांच्या शेजारी स्थान मिळाले. हे वर्णन मुख्यतः लेखी नमुन्यांवर आधारलेले होते, आणि लेखी नमुना म्हणजे लिहिणाऱ्याच्या कानाने व लिपीने आधीच केलेली निवड. त्या सर्वेक्षणाला पूरक म्हणून ग्रामोफोनवर मुद्रणे घेण्याचे काम १९१३ ते १९२९ या काळात झाले. म्हणजे ध्वनी हा लेखनाच्या मागून आला. बहिणाबाई चौधरी १९५१ साली निवर्तल्या आणि त्यांची गाणी त्यानंतर पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली. त्यांची बोली जळगावकडील लेवा गणबोली. भडगावची अहिराणी तिच्याहून वेगळी. परंतु लिपीतून जेवढे उतरले तेवढेच अभ्यासकाच्या हाती आले, ही अडचण दोहोंकडे सारखीच आहे. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतर मराठीच्या बोलींची जी वर्णने सिद्ध केली, त्यांनी पद्धतीला शिस्त आणली. पुढे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात भाषकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यावर भर देण्यात आला. आता ध्वनी मिळतो. तो कशातून गाळून मिळतो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

लॅपटॉपमधील अंगभूत ध्वनिव्यवस्थेचे दोष दोन प्रकारचे आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये. पहिला दोष विद्युतीय होय. माइकचा क्षीण संकेत जेथे वाढविला जातो, तेथेच शेजारी प्रक्रियक, पंखा व वीजपुरवठ्याची मंडले कार्यरत असतात. त्यांची खरखर संकेतात मिसळते. चार्जर जोडलेला असेल आणि भूसंपर्क नीट नसेल तर ५० हर्ट्‌झची गुणगुण व तिचे १०० आणि १५० हर्ट्‌झचे पट उमटतात. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता बहुधा याच टप्प्यात येत असल्याने स्वराघाताचे मापन तेथे चुकण्याचा धोका असतो. दुसरा दोष त्याहून गंभीर, कारण तो कानाला दोष वाटतच नाही. संभाषण सुकर व्हावे म्हणून लॅपटॉपमधील आज्ञावली गोंगाट दाबते आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करते. या आज्ञावलीच्या दृष्टीने श्वासाचा मंद अंश हा गोंगाटच असतो.

अहिराणीचा अभ्यासक येथे अडतो. शिष्ट मराठीतील ‘डोळा’, ‘काळा’, ‘सकाळ’ यांच्या जागी अहिराणीत ‘डोया’, ‘काया’, ‘सकाय’ ही रूपे येतात. ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ येते. शाळेत शिकलेला भाषक परक्यासमोर कधी ‘ळ’ उच्चारतो, घरात ‘य’ उच्चारतो. हा भेद मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या स्वनपट्ट्यांच्या चढउतारात दिसतो, आणि ते पट्टे साधारणतः ४००० हर्ट्‌झच्या खालीच असतात. म्हणून ‘ळ’ आणि ‘य’ यांची गणना करावयाची असेल तर लॅपटॉपचा अंगभूत माइकही, जवळून व शांत खोलीत वापरला तर, बहुधा पुरेसा ठरेल. याउलट ‘घ’, ‘ध’, ‘भ’ या घोष महाप्राणांतील श्वासाचा अंश किती उरला आहे, हा प्रश्न असेल तर तेच साधन अपात्र ठरते. समजा, एखाद्या अभ्यासकाने वृद्ध भाषकांच्या मुद्रणांवरून असा निष्कर्ष काढला की, शब्दमध्यावरील महाप्राण येथे लोप पावत आहेत. हा लोप भाषकाच्या मुखात झाला की यंत्राच्या आज्ञावलीत, हे त्या मुद्रणावरून कोणालाही सांगता येणार नाही. प्रबंधाला परीक्षकांची मान्यता मिळेल, पुढचे अभ्यासक त्याचा हवाला देतील, आणि एका यंत्राची सवय बोलीचे लक्षण म्हणून रूढ होईल.

बाह्य साउंड कार्डाचे समर्थन करावयाचे तर ते या भूमिकेवरून करावे लागते. ते आवाज ‘सुधारते’ असे म्हणणे सैल आहे. ते संकेतवर्धन व अंकीकरण लॅपटॉपच्या गोंगाटी पेटीबाहेर नेते आणि अंगभूत मार्गावर लादलेल्या प्रक्रियांपासून बहुतांशी सुटका करते. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की, संगणकाच्या ध्वनिविषयक मांडणीतील ‘सुधारणा’ बंद केल्या आहेत की नाहीत, हे बाह्य कार्ड जोडल्यावरही स्वतंत्रपणे पाहावे लागते.

आता निवडीचा विचार. बाजारात बाह्य साउंड कार्ड या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातीच्या वस्तू मिळतात. यूएसबीच्या तोंडावर बसणारी अंगठ्याएवढी स्वस्त कांडी ही मुख्यतः हेडसेटसाठी असते. तिला व्यावसायिक माइक जोडता येत नाही. क्षेत्रकार्यास उपयोगी पडतो तो ऑडिओ इंटरफेस : त्यास तीन पिनांच्या एक्सएलआर जोडण्या, कंडेन्सर माइकसाठी लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा आणि दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. दोन वाहिन्यांचे महत्त्व ध्वनिशास्त्रापेक्षा पद्धतिशास्त्राचे आहे. भाषक व प्रश्नकर्ता यांचे आवाज वेगळे राहिले तर प्रश्नकर्त्याच्या प्रमाण मराठीने भाषकाचे उच्चार कोठे वळविले, हे नंतर तपासता येते.

आकड्यांचा मोह येथे विशेष जाणवतो. अंकीकरणाचा नियम असा की, नमुनादराच्या निम्म्यापर्यंतच्या वारंवारता मुद्रित होऊ शकतात. म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झ दराने २४ किलोहर्ट्‌झपर्यंत. माणसाच्या श्रवणाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्‌झ धरतात. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट ही किमान पातळी सांगितली आहे. अनेक संग्रहालये ९६ किलोहर्ट्‌झ पसंत करतात. १९२ किलोहर्ट्‌झच्या जाहिरातीने बोलीच्या अभ्यासात कोणतीही भर पडत नाही. १६ बिटांचा विस्तार सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटांचा सिद्धान्ततः १४४. परंतु भडगावात वैशाखात पारा ४० अंशांच्या वर गेलेला असताना छताचा पंखा बंद करण्यास वृद्ध भाषकास सांगणे शक्य नसते. अशा खोलीत बोलणे आणि गोंगाट यांतील अंतर २० ते २५ डेसिबलचेच असेल, तर १६ आणि २४ बिटांतील फरक पंख्याच्या आवाजात बुडून जातो. २४ बिटांचा खरा लाभ एवढाच की, पातळी थोडी कमी ठेवून मुद्रण करता येते आणि भाषक एकाएकी हसला तरी संकेत फाटत नाही. उलट माइक ८० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर आणला तर सुमारे १२ डेसिबलचा लाभ होतो, आणि त्यास काहीही खर्च येत नाही. म्हणून क्रम असा लागतो : प्रथम जागा, मग माइकचे अंतर, मग माइक, त्यानंतर साउंड कार्ड. हा क्रम उलटा धरणारा संशोधक पंख्याचे उत्कृष्ट मुद्रण घरी नेतो.

आणखी एक बाब खरेदीच्या वेळी दुर्लक्षिली जाते. जे कार्ड यूएसबी ध्वनिसाधनांच्या सामाईक संकेतांनुसार चालते, त्यास उत्पादकाच्या खास आज्ञावलीची गरज नसते. विंडोजमध्ये या संकेतांच्या दुसऱ्या आवृत्तीस २०१७ पासून अंगभूत आधार मिळाला आहे. खास आज्ञावलीवर अवलंबून असणारे साधन उत्पादकाने वाऱ्यावर सोडले की निकामी होते. विभागाच्या तुटपुंज्या अनुदानाचा विचार करता ही गोष्ट गौण नाही. शिवाय यूएसबीवरच चालणारे कार्ड लॅपटॉपच्या बॅटरीवर चालते. वीज गेलेल्या दुपारी चार्जर काढून, पंखा आपोआप बंद असताना केलेले मुद्रण बहुधा सर्वांत स्वच्छ निघते, हा विरोधाभास खानदेशात काम करणाऱ्यास उपकारकच आहे.

यावर असा आक्षेप येईल की, लॅपटॉप, कार्ड व तारा यांचे जंजाळ भाषकास बुजविते. हातात मावणारा स्वतंत्र रेकॉर्डर त्याहून बरा. आक्षेप रास्त आहे. ओसरीवरील गप्पा, लग्नातील गाणी, बाजारातील घासाघीस यांसाठी रेकॉर्डरच योग्य. शब्दयादी वाचून वा विचारून घ्यावयाची असेल आणि प्रत्येक उच्चार पडद्यावर तत्काळ तपासावयाचा असेल, तेथे लॅपटॉप व बाह्य कार्ड यांची जोडी उपयुक्त ठरते. लिप्यंतर करणाऱ्याच्या कानासाठीही या कार्डाचा उपयोग आहे, कारण हेडफोनला मिळणारा संकेत तेथून अधिक निर्मळ असतो. मात्र मुद्रणाच्या वेळी जे दाबले गेले, ते ऐकण्याच्या वेळी कोणतेही कार्ड परत आणू शकत नाही. तसेच मुद्रण मूळ स्वरूपातच ठेवणे आवश्यक होय. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, एक वाहिनी या हिशेबाने एका तासास सुमारे ५१८ मेगाबाइट लागतात. आजच्या काळात हा भार मोठा नाही. तरीही संक्षेपित प्रत ठेवून मूळ प्रत पुसण्याची सवय आढळते.

या विवेचनावरून प्रबंधांच्या परीक्षणासाठी एक अपेक्षा निष्पन्न होते. माइक, त्याचे अंतर, कार्ड, नमुनादर, बंद केलेल्या प्रक्रिया आणि खोलीची स्थिती यांची नोंद प्रत्येक मुद्रणासोबत असावी, आणि प्रत्येक निष्कर्षापुढे ते साधन त्या निष्कर्षास पात्र होते काय, हे विचारले जावे. भडगावच्या ज्या पिढीच्या मुखी शाळेच्या मराठीचा स्पर्श न झालेली अहिराणी आहे, ती आता वृद्धत्वाकडे झुकली आहे. सदोष कार्ड पुढील वर्षी बदलता येईल. त्या भाषकांकडे पुढील वर्षी पुन्हा जाता येईलच, असे कोणत्याही संशोधकाने गृहीत धरू नये.