‘वर्चस्व’ शब्दाची दोन मापे

स्मार्टफोनच्या व्यवसायात वर्चस्व कोणाचे, या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे दिली जातात. २०१५ च्या पहिल्या तिमाहीत विकलेल्या फोनांच्या संख्येत सॅमसंग अग्रेसर होती. तथापि, कॅनकॉर्ड जेन्युइटी या संस्थेच्या अंदाजानुसार, एकपंचमांशाहून कमी फोन विकणाऱ्या ॲपलकडे प्रमुख उत्पादकांच्या एकूण नफ्याचा ९२ टक्के व सॅमसंगकडे १५ टक्के वाटा गेला. बेरीज १०७ होते. ही गणिताची चूक नव्हे. इतर काही उत्पादकांच्या तोट्यामुळे एकूण नफाच आक्रसला होता. साहजिकच येथे ‘वाटा’ हा शब्द अयथार्थ ठरतो. सर्व वाटे मिळून मूळ वस्तूहून अधिक होऊ नयेत, हा त्या शब्दाचा अर्थसंकेत होय. प्रतिस्पर्ध्याचा तोटा वाढला की स्वतःचा नफा न वाढताही हा आकडा फुगतो. उलटपक्षी, विक्रीचे वाटे शंभरात बसतात खरे. परंतु त्यांत स्वस्त व महाग फोन समान लेखले जातात. एक माप प्रसार सांगते, दुसरे मिळकत. दोहोंसाठी ‘वर्चस्व’ हा एकच शब्द विशेषणाविना योजणे म्हणजे वादाचा निर्णय विवेचनापूर्वीच देऊन टाकणे होय.