चबुतऱ्यावर नसलेले नाव

एप्रिलचा पहिला आठवडा. रिसोड तालुक्यातल्या एका गावात जयंतीची तयारी चालली होती आणि एक तरुण शिडीवर चढून बाबासाहेबांच्या सिमेंटच्या पुतळ्याला ऑइलपेंट देत होता. काम मनापासून चालले होते. जवळ जाऊन पाहिले, तर दरवर्षीच्या रंगाचे थर चढून बोटे एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती आणि पापणीची घडी बुजून गेली होती. पुतळा कोणी घडवला, असे विचारले. वर्गणी कोणी किती दिली, अनावरणाला कोण आले होते, हे जमलेल्यांना तोंडपाठ. कारागिराचे नाव मात्र कोणालाच आठवेना.

वाशीम जिल्ह्यात चौकाचौकांत पुतळे आहेत, त्यांच्यावर माणसांचा जीव आहे. पण शिल्प म्हणून त्यांच्याकडे बघायची सवय आपल्याला लागलेली नाही. चष्मा, कोट आणि पुस्तक दिसले की बाबासाहेब. घोडा आणि तलवार दिसली की शिवराय. खूण पटली की नजर पुढे सरकते, चेहऱ्यापर्यंत जातच नाही.

गावोगावच्या या बाबासाहेबांचा हात पुढे रोखलेला असतो, डाव्या हाताशी पुस्तक असते. दिल्लीत संसदेच्या आवारात 1967 साली उभ्या राहिलेल्या ब्राँझच्या पुतळ्याचीही हीच ढब. तो ब्रह्मेश वाघ यांनी घडवला. त्यात कोटाचे वजन खांद्यावरून खाली उतरते आणि रोखलेल्या हातामागे सगळे शरीर उभे आहे. नकलांच्या नकला होत गेल्या तसा हात उरला, त्यामागचे शरीर गेले. तरी गणपती करणाऱ्या हातांनी, तुटपुंज्या वर्गणीत, फोटोवरून केलेले हे पुतळे मी कमी लेखणार नाही. त्यांतल्या काहींच्या चेहऱ्यावर अशी आर्जवी एकाग्रता असते की ती मोठ्या खर्चाच्या ब्राँझमध्येही सापडत नाही.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीचा प्रश्न वेगळा आहे. बंजारा समाजाच्या या तीर्थावर फेब्रुवारी 2023 मध्ये संत सेवालाल महाराजांचा पंचधातूचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. अठराव्या शतकातल्या या संताचे समोर बसवून काढलेले चित्र नाही. म्हणजे शिल्पकाराला चेहरा घ्यायचा तो भजनांतून, तांड्यातल्या आठवणीतून आणि घराघरांतल्या तसबिरींतून. अश्वारूढ म्हटले की मराठी मनात योद्धा उभा राहतो. इथे घोड्यावर गुरांचे तांडे हाकणारा, उपदेश करणारा माणूस बसवायचा आहे. त्याचा लगाम कसा धरलेला असावा, मान कुठे वळलेली असावी, यावर रामनवमीच्या यात्रेत आणि वर्तमानपत्रांतही चर्चा व्हायला हवी. आपण बोलतो ते फुटांबद्दल.

फुटांच्या या हव्यासाचे काय होते, ते मालवणने दाखवले. राजकोट किल्ल्यावरचा 35 फुटी शिवपुतळा 4 डिसेंबर 2023 रोजी उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. कला संचालनालयाची मंजुरी होती ती सहा फुटी मातीच्या मॉडेलला, हे नंतर पुढे आले. मातीचे मॉडेल, त्यावरून साचा, मग मेण, मग धातूचे ओतकाम, शेवटी सांधे घासणे आणि आतला सांगाडा: या प्रत्येक टप्प्याला आपला वेळ लागतो. शिवाय आकार सहापट वाढवताना नुसते माप वाढवून भागत नाही. खालून वर बघणाऱ्याला डोके लहान दिसते, म्हणून प्रमाणे नव्याने बांधावी लागतात. समारंभाची तारीख आधी ठरली की पहिला घाला मातीच्या कामावर पडतो.

मालवणला पुन्हा पुतळा उभारायला बोलावले ते राम सुतारांना. धुळ्याजवळच्या गोंदूरचे हे शिल्पकार तरुणपणी, 1950च्या दशकात, अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीवर होते. अजिंठ्याशी वाशीमचेही नाते आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. लेण्यातल्या लेखात वराहदेवाचे नाव आहे. छिन्नी धरणाऱ्याचे नाही.

दीड हजार वर्षांनंतर आमच्या कोनशिलांवरही तेच चालले आहे: उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, आणि शेवटी ठेकेदार. अजिंठ्यात ती त्या काळाची रीत होती. आज निविदा निघते, लोकांचा पैसा खर्च होतो. तेव्हा शिल्पकाराचे नाव, धातू आणि वर्ष चबुतऱ्यावर कोरलेच पाहिजे. नाव असले म्हणजे चांगल्या कामाची दाद देता येते, वाईटाचा जाब विचारता येतो आणि पुढच्या गावाला कोणाकडे जायचे ते कळते.

रिसोडकडच्या त्या तरुणाला मी पापणीची बुजलेली घडी दाखवली. त्याने ब्रश बाजूला ठेवला आणि पुतळ्याच्या अंगठ्यावरचा पोपडा पत्रीने हळूच खरवडला. पाच-सहा थर निघाले. खाली नखाची कड कोरलेली होती, अगदी बारीक, आणि नखाच्या मुळाशी चंद्रकोरही. शिडीवरून त्याने खालच्या पोरांना हाक मारली. तेवढा अंगठा त्या वर्षी रंगवला नाही.