आपले गाणे, दुसऱ्याचा कान

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना विंझर लागते. तेथील एका तरुणाने गेल्या पावसाळ्यात घरीच ध्वनिमुद्रित केलेली सहा गीते माझ्याकडे अभिप्रायासाठी आली. साधने म्हणाल तर एक मायक्रोफोन, एक जुना लॅपटॉप आणि दारा-खिडक्यांवर टांगलेल्या गोधड्या. गायक तोच, वादक तोच, ध्वनिमुद्रक आणि निर्माताही तोच. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. तरीही ऐकून मन अतृप्त राहिले.

१९०२ साली फ्रेड गाइसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यास आला, तेव्हापासून कोणाचा आवाज मुद्रित व्हावा हे बहुधा कंपन्याच ठरवीत. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. ख्यालही तेवढ्यातच आटोपावा लागे. हा अधिकार जाचक होता, यात शंका नाही. पण त्या खुर्चीत कधी कधी जाणता माणूसही बसे. मुंबईत एचएमव्हीचे काम पाहणारे जी. एन. जोशी स्वतः भावगीतगायक होते. समोरच्या कलावंताची धास्ती त्यांना ऐकीव नव्हती. चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारखे आपले गोमंतकीय संयोजक स्वरलिपी मांडून वाद्यवृंद उभा करीत. व्हायोलिनने कोठे गप्प बसावे, हेही संयोजकालाच ठरवावे लागे. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली, ही वेगळी खंत.

१९८०च्या दशकात कॅसेटने मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि पुढे संगणकाने स्टुडिओच घरात आणला. मला त्याचे दुःख नाही. पुणे जिल्ह्याच्या याच डोंगराळ भागातील बायकांच्या ओव्यांसाठी कोणती कंपनी धावून आली होती? गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, आणि १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतील कित्येकींचे ध्वनिमुद्रण केले. मात्र तेथेही गाणारीसमोर कान देऊन बसलेले दुसरे माणूस होते.

विंझरच्या गीतांत उणीव आहे ती त्याच माणसाची. चौथ्या गीतात गायकाने स्वतःचाच आवाज चार वेळा एकावर एक चढवला आहे. घुमारा एवढा, की शब्द बुडतात. यंत्राचा ताल गाणाऱ्याच्या श्वासासाठी थांबत नाही. सेमिनरीत आमचे गायनगुरू हार्मोनियमचे झाकण आपटून आम्हांला थांबवीत; राग येई, पण दुसऱ्यांदा गाणे सुधारलेले असे. लॅपटॉप झाकण आपटत नाही.

निर्मात्याजवळ पूर्वी स्टुडिओची किल्ली होती, ती गेली. आता बहुतेक वेळा गाणे पुरे झाल्यावर त्याला बोलावतात, म्हणजे शिजलेल्या भाजीत मीठ घालण्यापुरते. खरे तर त्याचे काम आताच अधिक निकडीचे आहे; फक्त ते आधी, तालमीच्या वेळी व्हायला हवे. नको ते नको म्हणणे आणि हवे ते ओळखणे, एवढेच ते काम. पाचव्या गीतात पत्र्यावरचा पाऊस शिरला आहे. त्याबद्दल तरुणाने चिठ्ठीत क्षमा मागितली आहे. सहांपैकी तेच गीत उत्तम आहे! तेथे त्याला सजावट करता आली नाही. पावसावर आवाज चढवून तो नुसता गायला आहे.

पाऊस पुसू नकोस आणि चौथे गीत एका आवाजात, गावातल्या मृदंगवाल्याला समोर बसवून पुन्हा गा, असे मी त्याला कळवले. भातकापणी उरकल्याशिवाय मृदंगवाला मोकळा नाही, असे त्याचे उत्तर आले आहे.