जोना हेक्सचा व्रण : माध्यमांतराचा एक प्रश्न

चित्रकथेचा चित्रपट होताना कथानक बदलले, ही तक्रार समीक्षेला फार दूर नेत नाही. बदलामुळे मूळ चिन्हाच्या अर्थाचे काय झाले, हे पाहावे लागते. जॉन अल्बानो व टोनी डीझुनिगा यांनी १९७२ मध्ये निर्मिलेल्या जोना हेक्सच्या चेहऱ्यावरील व्रण हे असे चिन्ह होय. चित्रकथेत ती अपाची जमातीने दिलेली शिक्षा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या कपटामुळे हेक्स द्वंद्वाचा नियम मोडतो. व्रणात त्याचा दोष आणि त्याच्यावरील अन्याय दोन्ही साठतात.

२०१० च्या चित्रपटात हा व्रण पुत्रवधाचा सूड घेणारा टर्नबुल देतो. समूहाच्या निवाड्याची जागा व्यक्तिगत वैर घेते. भरपाई म्हणून हेक्सला मृतांशी बोलण्याची शक्ती मिळते. १९९३ मधील लॅन्सडेल-ट्रूमन यांच्या मालिकेत अद्भुत हेक्सच्या भोवती होते. येथे ते त्याचे साधन बनते. तो प्रेतांकडून माहिती काढतो. आपल्याच हातून मेलेल्या मित्राला, टर्नबुलच्या मुलाला, तो उठवतो, तेव्हा अपराधाचा प्रश्न क्षणभर उभा राहतो. पण टर्नबुलचा ठावठिकाणा कळताच कथानक पुढे धावते.

पटकथाकार नेव्हेल्डाइन व टेलर हेच आधी दिग्दर्शन करणार होते. ते बाहेर पडल्यावर ॲनिमेशनमधून आलेल्या जिमी हेवर्डकडे सूत्रे आली. तथापि सुमारे ८० मिनिटांच्या या कृतीची उणीव केवळ निर्मितीच्या ओढाताणीने स्पष्ट होत नाही. मृत बोलतात, परंतु जाब विचारत नाहीत, हे तिचे खरे अपयश.