तापलेली सळई

कोकणातल्या घराच्या अंगणात तुळस, विहीर आणि आंबा यांच्यानंतर मानाची चौथी जागा बंद पडलेल्या मोटारीची असते. कासूला, म्हणजे पेणहून रोह्याच्या गाडीत बसलात तर नागोठण्याच्या अलीकडे जे लहानसं स्टेशन लागतं तिथे, माझ्या बहिणीच्या सासरी ही जागा एका 1974 सालच्या फियाटने भूषवली आहे. कारखान्याने तिचं नाव प्रीमियर पद्मिनी ठेवलं होतं. पण चितोडच्या राणीचं नाव घेऊन "जरा पद्मिनी धुऊन घे रे" असं अंगणात ओरडणं सासरेबुवांना जमलं नाही. घरात ती फियाटच राहिली. सासरेबुवा गेले, पंचवीसेक वर्षं ती शेडमध्ये उभी आहे आणि कोंबड्यांच्या कित्येक पिढ्या तिच्या मागच्या सीटवर लहानाच्या मोठ्या झाल्या आहेत.

या गाडीची आता 'हॉट रॉड' करायची, असं माझ्या भाच्याने जाहीर केलं.

"म्हणजे काय रे?" बहीण.

"तापलेली सळई," मी भाषांतर करून दिलं.

"मामा, तू जरा गप्प बस ना!"

बेत असा : टप कापून चार इंच खाली आणायचा, पुढचे मडगार्ड काढून टाकायचे, मागे रुंद चाकं, सायलेन्सर असा की पेणला कळावं कासूहून कोणीतरी निघालंय, आणि पोटात दुसऱ्याच कुणाचं तरी इंजिन. फियाटचं काय उरणार, असं मी विचारलं. "फील!" तो म्हणाला.

आता या विद्येचं मूळ बघा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बाजूला वाळून खडखडीत झालेली तळी आहेत. मैलोन्‌मैल सपाट, चिटपाखरू नाही. तिथे 1930च्या सुमारास गरिबाघरची पोरं पडेल भावात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड घेऊन त्या सोलायची. वजन कमी म्हणून मडगार्ड काढ, वारा अडू नये म्हणून टप खाली घे. 1932 साली फोर्डने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरांचं, पासष्ट अश्वशक्तीचं इंजिन घातलं आणि या मंडळींना देव भेटला. (आमची फियाट बेचाळीस वर्षांनी जन्मली आणि चाळीसएक अश्वांवर समाधानी राहिली. तेही कशेडी घाटात मोजल्यास कमी भरत.) यात मला काही वावगं दिसत नाही. त्यांनी जे केलं ते पैसे नव्हते म्हणून केलं, आणि जिथे केलं तिथे पाऊस पडत नव्हता. कासूला मृग लागला की मडगार्ड नसलेली गाडी पहिल्या शंभर पावलांत ड्रायव्हरला मातीचा गणपती करून सोडील. रंगवायला पेण जवळ आहे, एवढीच सोय.

दुसरी गोष्ट पत्र्याची. जुन्या फोर्डला खाली लोखंडी चौकट असे आणि वर डबा बसवलेला. डबा कापा, उचला, फेका, चौकट जागेवर. फियाटला तशी वेगळी चौकट नाही. टप, खांब, तळ सगळं मिळून एकमेकांना धरून उभं असतं, एकत्र कुटुंबासारखं. त्यातला टप कापणं म्हणजे आजोबांना वगळून वाटण्या करण्यासारखं आहे. होतं, पण मग दारं नीट लागत नाहीत. त्यातून खाडीचा खारा वारा खाऊन पत्र्याची चाळण झालेली. पोपडे काढून वर लांबी भरली की गाडी छान गुळगुळीत दिसते. तिला धक्का तेवढा लागता कामा नये.

पोरांच्या डोक्यात हे आलं कुठून? 2004 साली 'टारझन : द वंडर कार' नावाचा हिंदी चित्रपट आला होता. वडिलांची गंजलेली मोटार मुलगा घरी आणतो, तिची चकचकीत नवी गाडी करतो आणि वडिलांचा आत्मा त्यात वास करून शत्रूंचा समाचार घेतो. ती गाडी दिलीप छाब्रियांनी घडवली होती आणि ती दिसायला झकास होती, हे कबूल. पण जुन्या गाडीतलं जे काही जुनं होतं, ते त्या झगमगाटात औषधालाही उरलं नाही. उरला तो आत्मा. आमच्या सासरेबुवांचा आत्मा फियाटमध्ये शिरला, तर शत्रूंच्या मागे न लागता आधी पेट्रोल कितीचं टाकलंस ते विचारील. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहण्याच्या काळात त्यांनी ही गाडी घेतली होती. पहिल्या दिवशी तिला हार घालून ते स्वतः बसने ऑफिसला गेले.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम सांगतं की कारखान्याने नोंदवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. उलट 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी देऊ केली. अट एकच : सांगाडा, डबा, इंजिन मुळातलं हवं. अशी गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. म्हणजे आमची फियाट नुसती उभी राहून राहून मानकरी झाली आणि आता तिच्यावर करवत चालवायची! हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. नियमापेक्षा पाटीचा परिणाम जास्त असावा.

सध्या पेणचा एक म्हातारा मिस्त्री येतो. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, पण सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारात अजून निघतात, असं त्याचं म्हणणं. त्याने प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडलं आणि "स्टार्टरला हात लावाल तर बघा" असा दम देऊन चार दिवस थांबायला सांगितलं. टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं निघालं. वायरिंग उंदरांनी, ब्रेकचं रबर काळाने खाल्लं होतं. पाचव्या दिवशी पान्याने फिरवून बघितलं तर इंजिन अर्धा इंच हललं. भाचा एवढा ओरडला की बहीण हातातलं उलथनं घेऊन धावत आली.

सायलेन्सरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कोंबड्यांचाही.